एकाच रुग्णासाठी दोन उपचार: जर्मन मनोविकारशास्त्रातल्या एका जुन्या वादाचा आढावा

जर्मनीत वैद्यकाचे शिक्षण घेणाऱ्या विद्यार्थ्याला मनाचे आजार दोन वेगवेगळ्या विषयांत शिकावे लागतात. २००२ पासूनच्या परवाना नियमावलीत 'मनोविकारशास्त्र आणि सायकोथेरपी' हा एक विषय आहे, तर 'मनोकायिक वैद्यक आणि सायकोथेरपी' हा दुसरा. पुढे पदव्युत्तर पातळीवरही या दोन स्वतंत्र तज्ज्ञशाखा आहेत. त्यांच्या जोडीला १९९९ पासून तिसरा व्यवसाय आहे तो मानसशास्त्राच्या वाटेने आलेल्या सायकोथेरपिस्टांचा. त्यांना स्वतःचा परवाना असतो, सरकारी आरोग्य विम्यातून ते रुग्ण तपासतात, पण औषध लिहून देण्याचा अधिकार त्यांना नाही. नैराश्याने ग्रासलेला एकच माणूस या तीनपैकी कुठल्या दारातून आत शिरतो, यावर त्याला आधी गोळी मिळणार की आधी संवाद, हे बऱ्याच अंशी ठरते. महाराष्ट्रातून जर्मनीत पदव्युत्तर प्रशिक्षणासाठी जाणाऱ्या डॉक्टरांना ही रचना सुरुवातीला कोड्यात टाकते. तिच्यामागे जवळजवळ पावणेदोनशे वर्षांचा वाद आहे. त्या वादात आज कशावर एकमत आहे, कशावर नाही आणि विद्यार्थ्याने या साऱ्याकडे कोणत्या दृष्टीने पाहावे, याचा हा आढावा.

माझे म्हणणे आरंभीच सांगतो. औषध आणि सायकोथेरपी यांना जर्मनीत दीर्घकाळ दोन निरनिराळ्या मोजपट्ट्या लावल्या गेल्या. दोन्हींना एकच मोजपट्टी लावली की 'श्रेष्ठ कोण' हा प्रश्न मागे पडतो आणि कोणाला, कोणत्या टप्प्यावर, कोणत्या क्रमाने आणि कधीपर्यंत, हे खरे अवघड प्रश्न पुढे येतात.

वादाची मुळे

विल्हेल्म ग्रीझिंगर यांचे मनोविकारांवरचे पाठ्यपुस्तक १८४५ मध्ये आले. मनाचे आजार हे मेंदूचे आजार आहेत, ही भूमिका त्यात ठामपणे मांडलेली होती. पुढे एमिल क्रेपेलिन यांनी रुग्णांचा वर्षानुवर्षांचा प्रवास नोंदवून आजारांचे वर्गीकरण केले. त्यांच्या पाठ्यपुस्तकाच्या १८९९ च्या आवृत्तीत आज आपण स्किझोफ्रेनिया म्हणतो तो आजार आणि उन्माद-अवसादाचा आजार असे दोन मोठे गट वेगळे झाले. ही विभागणी थोड्याफार फरकाने आजच्या वर्गीकरणांतही टिकून आहे. याच क्रेपेलिननी १८९२ मध्ये अल्कोहोल, चहा, झोपेची औषधे अशा पदार्थांचा साध्या मानसिक क्रियांवर काय परिणाम होतो, याचे प्रयोग प्रसिद्ध केले होते. मनावरच्या औषधांचा प्रयोगशाळेत अभ्यास करण्याची ती सुरुवात म्हणता येईल.

या परंपरेला आतूनच छेद दिला तो कार्ल यास्पर्स यांनी. हायडेलबर्गच्या क्लिनिकमध्ये काम करत असताना १९१३ मध्ये त्यांनी 'सामान्य मनोविकृतिशास्त्र' हा ग्रंथ लिहिला. रुग्णाच्या अनुभवातले काही आपण कार्यकारणभावाने स्पष्ट करू शकतो, तर काही त्याच्या जागी उभे राहून समजून घ्यावे लागते. ही दोन्ही कामे वेगळी आहेत आणि डॉक्टरला दोन्ही आली पाहिजेत, असे त्यांचे प्रतिपादन होते. मनोविश्लेषणावर त्यांनी कडक टीका केली, पण मेंदूच्या नावाखाली केलेल्या कल्पनाविलासालाही त्यांनी सोडले नाही. विद्यार्थ्याला एकच जुने पुस्तक सुचवायचे झाले तर मी हेच सुचवेन. आजच्या वादातले दोन्ही पक्ष ज्या चुका करतात, त्या त्यात शंभर वर्षांपूर्वी दाखवून दिलेल्या आहेत.

सायकोथेरपीचा संघटित प्रवास बर्लिनमधून सुरू झाला. माक्स आयटिंगोन आणि एर्न्स्ट झिमेल यांनी १९२० मध्ये तिथे मनोविश्लेषणाचे बाह्यरुग्ण केंद्र उघडले. गरिबांना तिथे अल्प शुल्कात किंवा विनाशुल्क उपचार मिळत. स्वतःचे विश्लेषण, सैद्धांतिक अभ्यास आणि देखरेखीखाली रुग्णांवर उपचार, हा तीनपदरी प्रशिक्षणक्रमही याच केंद्राने घालून दिला आणि तो जगभर पसरला. १९३३ नंतर ज्यू विश्लेषकांना देश सोडावा लागला. उरलेल्यांना १९३६ मध्ये माटियास ग्योरिंग यांच्या नेतृत्वाखालच्या संस्थेत एकत्र आणण्यात आले.

त्याच काळात मनोविकारशास्त्राने जे केले ते या इतिहासातले सर्वांत काळे पान आहे आणि ते टाळून पुढे जाता येत नाही. १९३३ च्या कायद्याने सुमारे ४ लाख लोकांची सक्तीने नसबंदी झाली. १९४० आणि १९४१ या दोन वर्षांत 'टी-४' मोहिमेत ७० हजारांहून अधिक रुग्णांना विषारी वायूने मारण्यात आले, आणि ती मोहीम थांबवल्यावरही रुग्णालयांतून उपासमारीने आणि औषधांनी हत्या चालूच राहिल्या. जर्मन मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने जाहीर क्षमायाचना केली ती २०१० मध्ये. युद्धानंतरच्या पिढीला मेंदू आणि आनुवंशिकता यांच्या भाषेविषयी जो संशय वाटत आला, त्याचे मूळ इथे आहे. मनोकायिक वैद्यक ही वेगळी शाखा उभी राहण्यामागेही हा संशय होता. आलेक्झांडर मिचरलिश यांनी नाझी डॉक्टरांवरच्या न्यूरेंबर्ग खटल्याचे दस्तऐवज प्रसिद्ध केले आणि १९५० मध्ये हायडेलबर्गला मनोकायिक क्लिनिक सुरू केले. या दोन गोष्टी एकाच माणसाने कराव्यात हा योगायोग नव्हता.

गोळ्या आल्या, विमाही आला

१९५० चे दशक औषधांचे होते. पॅरिसमध्ये १९५२ मध्ये मनोविकृतीवर क्लोरप्रोमाझिनचा उपयोग सिद्ध झाला आणि पुढच्याच वर्षी ते 'मेगाफेन' या नावाने पश्चिम जर्मनीत पोहोचले. स्वित्झर्लंडमध्ये म्युन्स्टरलिंगेनच्या रुग्णालयात रोलांड कून यांना इमिप्रामिनचा नैराश्यावरचा परिणाम दिसला आणि १९५७ मध्ये त्यांनी तो प्रसिद्ध केला. त्याच वर्षी 'कॉन्टेरगान' हे झोपेचे, 'निर्धोक' म्हणून जाहिरात झालेले औषध डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकले जाऊ लागले. त्यातल्या थॅलिडोमाइडमुळे हजारो मुले हातापायांच्या व्यंगांसह जन्मली आणि १९६१ च्या अखेरीस ते बाजारातून काढले गेले. १९७६ च्या औषध कायद्याने परिणामकारकता आणि सुरक्षितता यांचा पुरावा सक्तीचा केला, त्यामागे ही शोकांतिका होती. तेव्हापासून गोळीला एक कठोर परीक्षा द्यावी लागते: प्लासिबोशी तुलना, आंधळी चाचणी आणि दुष्परिणामांची नोंद.

सायकोथेरपीची परीक्षा वेगळ्या दालनात झाली. बर्लिनच्या विमासंस्थेच्या केंद्रात आनेमारी ड्युरसन यांनी उपचार घेतलेल्या रुग्णांचा पाठपुरावा केला. १९६५ मध्ये त्यांनी दाखवले की मनोविश्लेषणाधारित उपचारांनंतर या रुग्णांचे रुग्णालयात राहण्याचे दिवस सरासरी विमाधारकापेक्षाही कमी झाले होते. या आकड्याने विमासंस्थांचे मन वळले आणि १९६७ मध्ये मनोविश्लेषण व त्यावर आधारलेली सखोल मानसशास्त्रीय पद्धत हे सर्वसाधारण विम्याचे उपचार ठरले. जगात असे फार थोड्या देशांत घडले आहे आणि हे मला जर्मन व्यवस्थेचे मोठे यश वाटते. मात्र ड्युरसन यांच्या अभ्यासात चिठ्ठ्या टाकून गट पाडलेले नव्हते, हेही तितकेच खरे. वर्तनोपचाराला याच नियमावलीत १९८७ मध्ये जागा मिळाली. कुटुंब आणि नातेसंबंधांच्या जाळ्यावर काम करणाऱ्या सिस्टिमिक थेरपीला प्रौढांसाठी प्रत्यक्षात विम्यातून पैसे मिळू लागले ते २०२० मध्ये, चाचण्यांच्या पुराव्याची रीतसर छाननी झाल्यावर. म्हणजे आज मान्य असलेल्या चार पद्धतींपैकी सर्वांत नव्या पद्धतीने सर्वांत कडक परीक्षा दिली आहे.

१९७५ मध्ये जर्मन संसदेपुढे आलेल्या मनोविकार चौकशी अहवालाने मोठ्या मनोरुग्णालयांतली दुरवस्था उघड केली. सर्वसाधारण रुग्णालयांत विभाग काढा, घराजवळ उपचार द्या, मनोरुग्णांना शरीराच्या रुग्णांइतकाच हक्क द्या, या त्याच्या शिफारशी होत्या. औषधांशिवाय हे साधले नसते आणि केवळ औषधांनी तर नक्कीच साधले नसते.

आजच्या भूमिका

औषधांच्या बाजूचे प्रतिपादन असे. तीव्र मनोविकृती, उन्माद आणि जिवावर बेतलेले नैराश्य यांत वेळ हाती नसतो, औषध लवकर देता येते आणि त्याची मात्रा मोजता येते. म्युनिकच्या श्टेफान लॉइश्ट यांच्या गटाने २०१२ मध्ये ६५ चाचण्यांचे एकत्रीकरण केले. स्किझोफ्रेनियात औषध चालू ठेवणाऱ्यांपैकी वर्षभरात २७ टक्के रुग्णांचा आजार उलटला, तर प्लासिबोवर गेलेल्यांपैकी ६४ टक्क्यांचा. हा फरक कुठल्याही शाखेत मोठाच मानला जाईल. याच गटाने असेही दाखवले की मनोविकारांवरची औषधे रक्तदाबासारख्या शारीरिक आजारांवरच्या औषधांपेक्षा सरसकट दुबळी नाहीत. जर्मन भाषक देशांतल्या रुग्णालयांत १९९३ पासून औषधांच्या गंभीर दुष्परिणामांची एकत्र नोंद होते आणि रक्तातली औषधाची पातळी मोजून मात्रा ठरवण्याची पद्धतही इथे चांगली रुजली आहे. विद्यार्थ्याला औषधयोजना हे कौशल्य म्हणून शिकायचे असेल तर हा भक्कम पाया आहे.

सायकोथेरपीच्या बाजूला एक आवाज नाही. मनोविश्लेषक म्हणतात की लक्षण कमी होणे हा वरवरचा बदल आहे, माणसाच्या नात्यांचा साचा बदलायला वेळ लागतो. विम्याचे नियमही त्यांना ३०० तासांपर्यंत मुभा देतात. वर्तनोपचाराची मर्यादा ८० तासांची आहे. त्याचे समर्थक ठरावीक तंत्रे, ठरावीक उद्दिष्टे आणि चाचण्यांची मोठी रास पुढे ठेवतात. १९९४ मध्ये क्लाउस ग्रावे आणि सहकाऱ्यांनी तोवरच्या चाचण्यांचा प्रचंड आढावा घेऊन वर्तनोपचाराच्या बाजूने कौल दिला आणि पंथनिष्ठा सोडून सायकोथेरपीने शास्त्रशुद्ध व्यवसाय व्हावे, अशी हाक दिली. त्यावर विश्लेषकांचा आक्षेप होता की दीर्घ उपचारांच्या चाचण्याच झालेल्या नाहीत, मग त्यांच्याविरुद्ध निकाल कसा लागतो? हा आक्षेप रास्त होता. त्याचे उत्तर मिळायला पंचवीस वर्षे लागली. दीर्घकालीन नैराश्यावर मनोविश्लेषण आणि कॉग्निटिव्ह वर्तनोपचार यांची तुलना करणाऱ्या, मारियान लॉइट्सिंगर-बोलेबर यांच्या गटाच्या जर्मन अभ्यासाचे निष्कर्ष २०१९ मध्ये आले. दोन्ही गटांत मोठी सुधारणा दिसली आणि दोहोंत लक्षणीय फरक आढळला नाही.

तिसरी भूमिका दोन्ही एकत्र वापरण्याची. तिचे बळ दाखवणारा प्रसिद्ध अमेरिकन अभ्यास २००० सालचा. जुनाट नैराश्याच्या ६८१ रुग्णांना नेफाझोडोन, किंवा सीबास्प ही खास जुनाट नैराश्यासाठी घडवलेली संवादपद्धत, किंवा दोन्ही देण्यात आले. एकेकट्या उपचाराला सुमारे ४८ टक्के रुग्णांनी प्रतिसाद दिला, तर एकत्रित उपचाराला ७३ टक्क्यांनी. नेफाझोडोन पुढे यकृताच्या इजेमुळे बहुतेक देशांतून मागे घेतले गेले. जर्मनीत एलिझाबेथ श्राम यांच्या नेतृत्वाखाली सीबास्पची साध्या आधारपर थेरपीशी तुलना झाली. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात औषधे न घेणारे २६८ रुग्ण होते. सीबास्पची सरशी झाली, पण ती माफक होती, आणि उपचारानंतरच्या दोन वर्षांत ती ओसरली.

एकच मोजपट्टी लावल्यावर

आता पुराव्याच्या गाभ्याकडे येऊ. २०१४ मध्ये म्युनिकच्याच गटाने २१ मनोविकारांवरच्या ८५२ चाचण्यांतले १ लाख ३७ हजारांहून अधिक रुग्ण एकत्र पाहिले. औषधे आणि सायकोथेरपी या दोन्हींचा परिणाम मध्यम होता आणि थेट तुलनांत फरक थोडा होता. आठ वर्षांनी गीसनच्या फाल्क लाइशनरिंग आणि सहकाऱ्यांनी साडेसहा लाख रुग्णांच्या माहितीवर आधारलेला आढावा प्रसिद्ध केला. प्लासिबो किंवा नेहमीच्या उपचारांच्या तुलनेत, परिणामाच्या प्रमाणित मापावर, सायकोथेरपीचा परिणाम ०.३४ आणि औषधांचा ०.३६ निघाला. तो छोटाच म्हणायचा. पहिला गट औषधांच्या अभ्यासासाठी ओळखला जातो, दुसऱ्याच्या मागे मनोविश्लेषणाची परंपरा आहे. विरुद्ध बाजूंनी निघालेले दोन गट जेव्हा दोन्ही उपचारांत फरक थोडाच आहे या एकाच निष्कर्षाशी पोहोचतात, तेव्हा त्या निष्कर्षाला वजन द्यायला हवे.

यावर दोन्हीकडून हरकती येतात. औषधवादी म्हणतात की सायकोथेरपीच्या अनेक चाचण्यांत तुलनेचा गट नुसता प्रतीक्षायादीत ठेवलेला असतो. आपल्याला काहीच मिळत नाही हे ठाऊक असलेला माणूस कसा सुधारणार? हरकत खरी आहे. प्रतीक्षायादीशी तुलना केली की सायकोथेरपी मोठी दिसते, सक्रिय तुलनेत लहान होते. उलट ग्योटिंगेनच्या बोर्विन बांडेलोव यांच्या २०१५ च्या आढाव्यात चिंताविकारांवर औषधांची सरशी दिसली, ती उपचाराआधीच्या आणि नंतरच्या अवस्थेची तुलना करून. या हिशेबात अपेक्षेचा आणि काळाचा परिणामही औषधाच्या खात्यात जमा होतो. दोन्ही उदाहरणांत उपचार तेच राहतात, फक्त तुलनेचा पाया बदलतो.

दुसरी हरकत दडवलेल्या निष्कर्षांची. जर्मनीच्या आरोग्यसेवा गुणवत्ता संस्थेने, म्हणजे 'इक्विग'ने, रेबॉक्सेटिन या नैराश्यावरच्या औषधाचा अप्रकाशित पुरावा मोठ्या झगड्यानंतर मिळवला. २०१० मध्ये उघड झाले की चाचण्यांत भाग घेतलेल्या ७४ टक्के रुग्णांची माहिती छापलीच गेली नव्हती. ती जमेस धरल्यावर औषधाचा फायदा प्लासिबोच्या वर टिकला नाही, आणि पुढे विम्याने त्याचे पैसे देणे बंद केले. सायकोथेरपीचे समर्थक हे उदाहरण नेहमी देतात. पण अमेरिकन सरकारी अनुदानावर झालेल्या, नैराश्यावरच्या सायकोथेरपीच्या चाचण्यांतल्या जवळपास चतुर्थांश प्रसिद्धच झाल्या नाहीत आणि त्या धरल्या तर परिणाम २५ टक्क्यांनी घटतो, हे २०१५ मध्ये दिसून आले. सायकोथेरपीने बिघडणारे रुग्णही असतात. बर्लिनचे मिशाएल लिंडेन यांनी अशा दुष्परिणामांच्या नोंदीसाठी पद्धतशीर यादी तयार केली आहे. औषधाच्या वेष्टनात दुष्परिणामांचा कागद असतो. संवादाच्या उपचारातही रुग्णाला तीच माहिती आधी मिळायला हवी.

उपचाराचे नाते मोजता येत नाही, म्हणून त्याला चाचणीच्या चौकटीत कोंबू नये, असाही एक आक्षेप आहे. यास्पर्सच्या भेदाचा आधार घेऊन तो मांडला जातो. नात्याचा अर्थ मोजता येत नाही हे मान्य. पण रुग्ण दोन वर्षांनी कामावर परतला का, त्याला पुन्हा दाखल करावे लागले का, हे मोजता येते. ड्युरसन यांनी १९६५ मध्ये तेच मोजले होते आणि सायकोथेरपीला विम्याचे दार त्या मोजणीनेच उघडून दिले.

जिथे एकमत आहे

आजारानुसार पाहिले तर धूसरपणा बराच कमी होतो. जर्मनीतल्या उपचार मार्गदर्शिकांत स्किझोफ्रेनियाचा पाया औषध हाच आहे, पण २०१९ च्या मार्गदर्शिकेनुसार कॉग्निटिव्ह वर्तनोपचारही रुग्णापुढे ठेवायचा आहे. द्विध्रुवी विकारात लिथियमचे स्थान पक्के आहे. ऑब्सेसिव्ह-कम्पल्सिव्ह विकारात भीतीला सामोरे जाण्याचा सराव असलेला वर्तनोपचार आधी येतो. आघातानंतरचा ताणविकार आणि बॉर्डरलाइन व्यक्तिमत्त्वविकार यांतही सायकोथेरपीला प्राधान्य आहे. चिंताविकारात दोन्ही मार्ग खुले असून रुग्णाची पसंती महत्त्वाची, मात्र बेंझोडायझेपिन नेहमीचा उपचार म्हणून देऊ नये. नैराश्याची २०२२ ची राष्ट्रीय मार्गदर्शिका तीव्रतेनुसार पायऱ्या आखते. सौम्य असेल तर गोळी पहिला उपाय नाही. मध्यम असेल तर दोन्ही पर्याय समान आहेत. तीव्र असेल तर दोन्ही एकत्र द्यायचे. परीक्षेसाठी हे पुरेसे आहे, वॉर्डात मात्र विद्यार्थ्याला पुढच्या प्रश्नांना तोंड द्यावे लागेल.

जे सुटलेले नाही

पहिला प्रश्न निवडीचा. सरासरी परिणाम सारखा असला म्हणजे प्रत्येक रुग्णाला सारखाच लाभ होतो असे नाही. कोणाला गोळी लागू पडेल आणि कोणाला संवाद, हे आधी सांगणारी खात्रीची खूण अजून हाती नाही. बालपणीचा आघात, आजाराचा जुनाटपणा, जनुके, मेंदूच्या प्रतिमा असे बरेच शोधून झाले, पण दवाखान्यात रोज वापरता येईल असे काही निघाले नाही. तोवर रुग्णाची पसंती, आजाराची तीव्रता आणि आधीचा अनुभव यांवरच विसंबावे लागते.

दुसरा प्रश्न औषध थांबवण्याचा. अँटीडिप्रेसंट बंद करताना किती जणांना त्रास होतो यावर टोकाची मते होती. योनाथान हेन्सलर आणि सहकारी या जर्मन संशोधकांनी २०२४ मध्ये ७९ अभ्यास एकत्र केले. औषध थांबवल्यावर ३१ टक्के लोकांना लक्षणे जाणवली, प्लासिबो थांबवल्यावर १७ टक्क्यांना. म्हणजे औषधामुळे त्रास होण्याचे प्रमाण साधारण सहा-सात जणांत एक. पण यातले बरेच अभ्यास थोड्या काळाच्या औषधयोजनेचे आहेत. दहा-दहा वर्षे गोळी घेणाऱ्यांबद्दल हा आकडा भरवशाने बोलत नाही. मात्रा उतरवत असतानाच सायकोथेरपी द्यावी ही कल्पना आशादायक आहे, पण त्यासाठी दोन्ही उपचार करणाऱ्यांनी एकमेकांशी बोलायला हवे. आठवड्याला भेटणाऱ्या मानसशास्त्रज्ञाला गोळी कमी करता येत नाही, आणि जो डॉक्टर ती कमी करू शकतो त्याची भेट अनेकदा तीन महिन्यांतून एकदाच होते.

तिसरा प्रश्न प्रतीक्षेचा. पहिली सल्लाभेट लवकर मिळावी म्हणून २०१७ मध्ये नियम बदलले. तरीही सायकोथेरपिस्टांच्या राष्ट्रीय मंडळाच्या २०१८ च्या पाहणीत, पहिल्या संपर्कापासून प्रत्यक्ष थेरपी सुरू होईपर्यंत सरासरी सुमारे २० आठवडे जात होते. मार्गदर्शिकेतले 'समान पर्याय' इथे कागदावर राहतात, कारण गोळी आज मिळते आणि संवाद पाच महिन्यांनी. डॉक्टरच्या चिठ्ठीवर मिळणारी डिजिटल ॲप हा जर्मनीने काढलेला एक मार्ग आहे. दुसरा मार्ग आपल्याकडचा आहे. गोव्यात 'संगाथ' संस्थेने प्राथमिक आरोग्य केंद्रांत, थोडे प्रशिक्षण दिलेल्या सामान्य कार्यकर्त्यांकरवी सहा ते आठ बैठकींचा वर्तनाधारित उपचार देऊन पाहिला. २०१७ मध्ये छापलेल्या चाचणीत मध्यम-तीव्र ते तीव्र नैराश्याच्या रुग्णांपैकी ६४ टक्के जण त्यातून बाहेर आले, तुलनेच्या गटात ३९ टक्के. जर्मनीत सायकोथेरपी ही दीर्घ प्रशिक्षण घेतलेल्या परवानाधारकाचीच कामगिरी आहे. तिथे असे पाऊल उचलायला व्यावसायिक संघटनांचा विरोध होईल आणि गुणवत्ता राखण्याची त्यांची काळजी पोकळ नाही. पण ज्या आजारात आत्महत्येचा धोका असतो, त्यात पाच महिने थांबणे हाही गुणवत्तेचाच प्रश्न आहे.

चौथा प्रश्न शिक्षणाचा. २०२० पासून जर्मनीत सायकोथेरपीचे स्वतंत्र विद्यापीठीय शिक्षण सुरू झाले असून ते पूर्ण केल्यावर थेट परवाना मिळतो. त्यापुढच्या पदव्युत्तर प्रशिक्षणाच्या जागांचे पैसे कोणी द्यायचे, हा प्रश्न कायदा लागू झाल्यावरही वर्षानुवर्षे लोंबकळत राहिला. या स्वतंत्र शिक्षणामुळे वैद्यकाचे आणि सायकोथेरपीचे विद्यार्थी आधीपेक्षाही लवकर वेगळ्या वाटांना लागतात. एकाला औषधाचे रसायन कळते, दुसऱ्याला संवादाची तंत्रे. भावी कौटुंबिक डॉक्टरांसाठी मनोकायिक प्राथमिक सेवेचा ८० तासांचा अभ्यासक्रम आणि डॉक्टर-रुग्ण नात्यावर गटाने चर्चा करण्याची बालिंट पद्धत, हे दोन पूल आजही उभे आहेत, पण दोन्ही डॉक्टरांच्या बाजूने बांधलेले आहेत. मानसशास्त्राच्या बाजूने औषधशास्त्र किती खोलात शिकवावे, आणि दोन्ही विद्यार्थ्यांनी एकाच रुग्णाची एकत्र तपासणी शिक्षणाच्या कोणत्या वर्षी करावी, यावर विद्यापीठांत अद्याप एकवाक्यता नाही.